शरदातली २५ मैलांची रपेट : काय करावं, काय टाळावं

ऑक्टोबर लागला की अमेरिकेच्या पूर्व भागात, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगररानांतून हौशी स्वारांच्या लांब पल्ल्याच्या राइड भरतात. अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स, म्हणजे एईआरसी, ही संस्था १९७२ पासून या खेळाचे नियम सांभाळते. ५० मैल आणि त्यापुढच्या अंतराला एन्ड्युरन्स म्हणतात. १०० मैलांची राइड २४ तासांत संपवायची असते. नवखा स्वार बहुधा ‘लिमिटेड डिस्टन्स’पासून सुरुवात करतो : २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर, आणि हाताशी सहा तास. मधली सक्तीची विश्रांतीसुद्धा त्या सहा तासांतच धरलेली. हे टिपण त्या २५ मैलांपुरतं आहे.

राइड पूर्ण करणारा जिंकला, असं या खेळाचं ब्रीद आहे. ते केवळ दिलाशाचं बोलणं नाही. घोडा शेवटच्या तपासणीत पशुवैद्याला ठीक वाटला नाही, तर सगळ्यांच्या आधी पोचूनही तुमची राइड पूर्ण धरत नाहीत. परीक्षा घोड्याची असते. स्वाराने फक्त त्याला नापास होऊ द्यायचं नसतं.

उन्हाळ्यात घोडा तापलेला दिसतो, म्हणून स्वार आपोआप सावध राहतो. शरदात हवा झकास, झाडं रंगलेली, घोडा फुरफुरतोय, स्वार खुशीत. गफलत होते ती इथेच. पुढचं निम्मं लिखाण या गारव्याच्या फसवणुकीबद्दल आहे.

नाव नोंदवण्याआधी

करा : घोड्याचं वय पाहा. लिमिटेड डिस्टन्सला घोडा किमान चार वर्षांचा लागतो, ५० मैलांना पाच. जातीची अट नाही. अरबी घोडे या खेळात वरचढ ठरतात, कारण त्यांची कातडी पातळ, अंग सडपातळ, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर जाते. पण इतर कुठलाही धडधाकट घोडा, अगदी खेचरसुद्धा, चालतं.

करा : कॉगिन्स टेस्टचा कागद वेळेत मिळवा. घोड्यांमधल्या संसर्गजन्य अ‍ॅनिमियाची ही रक्ततपासणी. या रोगावर इलाज नाही, म्हणून निगेटिव्ह कागदाशिवाय कॅम्पात पाऊल टाकू देत नाहीत. कागद किती महिने चालतो हे राज्यागणिक बदलतं. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर पशुवैद्याचं आरोग्य-प्रमाणपत्रही लागतं. हे सगळं आदल्या आठवड्यात करायला बसाल तर प्रयोगशाळेचा अहवाल राइड संपल्यावर येईल.

करा : स्वतःचा घोडा नसेल तर भाड्याने किंवा ओळखीने मिळवा. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. अमेरिकेत बारगीर म्हणून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही. उलट अनुभवी मालकाचा, दहा-वीस राइड केलेला घोडा मिळाला तर तोच तुम्हाला शिकवतो.

टाळा : माथेरानच्या भरवशावर उतरणं. तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो. इथे पाच तास दुडकीवर रिकिबीत उठबस करायची असते, आणि ती नीट जमली नाही तर तुमचं सगळं वजन घोड्याच्या पाठीवर आदळत राहतं. तासभर न थांबता, घोड्याच्या तोंडाला न लटकता दुडकी करता येत नसेल तर या वर्षी नाव देऊ नका.

मुलांना नेणार असाल तर : १६ वर्षांखालच्या स्वारासोबत पूर्ण वाटभर जबाबदार प्रौढ स्वार असावा लागतो आणि मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. मोठ्यांनीही घालावं. सायकलचं नाही, घोडेस्वारीचं.

घोड्याची तयारी

करा : संथ आणि लांब. आठवड्यातून तीनेक दिवस, हळूहळू अंतर वाढवत. दम काही महिन्यांत वाढतो. स्नायूबंध आणि हाडं मागे राहतात, त्यांना वर्षं लागतात. म्हणूनच सहा महिन्यांत ‘फिट’ दिसणारा घोडा पायाने दगा देतो. दम आहे म्हणून वेग वाढवला, पण पाय अजून तयारच नव्हते, असं घडतं.

करा : पल्स मोजायला शिका. स्वस्तातला स्टेथोस्कोप घ्या, डाव्या कोपराच्या मागे लावा, १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणा. उभ्या, शांत घोड्याचा पल्स मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतो. आपल्या घोड्याचा नेहमीचा आकडा माहीत नसेल तर राइडच्या दिवशी कळणारा आकडा काहीच सांगत नाही.

करा : नाल राइडच्या आठवडा-दहा दिवस आधी बसवून घ्या. आदल्या दिवशी ठोकलेली नाल कुठे टोचते हे बाराव्या मैलावर समजतं. खुरांचे बूट वापरत असाल तर ते चिखलातून आणि ओढ्यातून चालवून पाहा.

करा : केसांचा विचार करा. घोड्याचे हिवाळी केस थंडी पडल्यावर नाही, दिवस लहान होऊ लागल्यावर वाढायला लागतात. ऑक्टोबरपर्यंत बऱ्याच घोड्यांच्या अंगावर दाट लव आलेली असते. त्यात दुपारी पारा अचानक चढला, तर घोडा लोकरीचा कोट घालून पळतोय. मान, छाती आणि पोटाच्या खालचे केस कापून घेण्याची पद्धत आहे. कापलेत तर रात्री पांघरूण घालण्याची जबाबदारीही तुमची.

टाळा : शेवटच्या आठवड्यात लांब रपेट मारणं. त्या आठवड्यात घोड्याची तयारी वाढत नाही, फक्त थकवा जमा होतो.

टाळा : विश्रांतीच्या दिवसांत पूर्ण चंदी चालू ठेवणं. काम कमी तर दाणाही कमी, गवत भरपूर. जुन्या काळी गाडीचे घोडे रविवारी भरल्या तोबऱ्यावर उभे राहत आणि सोमवारी जुंपले की त्यांचे पुठ्ठ्याचे स्नायू जखडत. या दुखण्याला ‘सोमवार सकाळचा आजार’ असंच नाव पडलं होतं. लांब पल्ल्याच्या राइडमध्ये ते आजही दिसतं.

सामान आणि कपडे

एकच नियम पक्का : राइडच्या दिवशी काहीही नवं नको. नवं खोगीर नाही, नवा तंग नाही, नवी रिकीब नाही, नवी पँट तर मुळीच नाही. पाच मैलांवर न जाणवणारी शिवण वीस मैलांवर कातडं सोलते, तुमचंही आणि घोड्याचंही.

करा : भगभगीत नारिंगी रंगाचा अंगरखा घाला. शरद म्हणजे हरणाच्या शिकारीचा मोसम. तारखा आणि हत्यारांचे नियम राज्याराज्यांत वेगळे, पण धनुष्यबाणवाले बहुधा ऑक्टोबरातच रानात असतात. घोड्यालाही नारिंगी पट्टी किंवा गळ्यात घुंगरू बांधा.

टाळा : तपकिरी आणि पांढरे कपडे. तिकडच्या हरणाचं शेपूट पांढरं असतं. दुरून हलणारी पांढरी वस्तू शिकाऱ्याला काय वाटेल याची परीक्षा तुमच्या अंगावर नको.

बरोबर घ्या : दोरीला बांधलेला स्पंज (ओढ्यात टाकून चालता-चालता घोड्याची मान भिजवायला), खूर साफ करायचा आकडा, छोटा चाकू, डोक्याला लावायचा दिवा, शिट्टी, नकाशा, पाणी. गांधीलमाशीची अ‍ॅलर्जी असेल तर इंजेक्शन स्वतःच्या अंगावर, खोगिराच्या पिशवीत नाही. घोडा उधळला तर पिशवी त्याच्याबरोबर जाते. फोनचंही तेच.

खाण्याचं सांगायचं तर, दुकानातल्या एनर्जी बारपेक्षा दशमी बरी. हलत्या घोड्यावर एका हाताने खाता येते, चुरगळली तरी बिघडत नाही आणि कागदाचा आवाज नाही. अनेक घोडे फडफडत्या कागदाला वाघ समजतात.

कॅम्पात, आदल्या दिवशी

करा : दिवस मावळायच्या बऱ्याच आधी पोचा. ऑक्टोबरात तो लवकर मावळतो. घोड्याला उतरवून पाणी, गवत, थोडं हातात धरून फिरवणं आणि मग तपासणी. तपासणीत पास झाल्यावर पुठ्ठ्यावर रंगाने नंबर घालतात.

करा : संध्याकाळच्या बैठकीला हजर राहा. वाटेवर कुठल्या रंगाच्या फिती, वळण कसं दाखवलंय, पाणी कुठे, पल्सचा निकष किती, विश्रांती किती मिनिटांची, हे सगळं तिथे सांगतात आणि परत कुणी सांगत नाही. फिती बहुतेक वाटेच्या उजव्या हाताला असतात. बराच वेळ फीत दिसली नाही तर पुढे रेटू नका. शेवटच्या फितीपाशी मागे या. चुकलेली वाट कापून मध्येच मूळ वाटेला लागलात तर अंतर अपुरं राहतं आणि राइड बाद होते.

करा : लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधा. लाल फीत पुढे दिसली तर चार हात लांब राहा. लाज वाटून फीत न बांधणारे स्वार मी पाहिले आहेत. शेजारच्याच्या नडगीपेक्षा आपली लाज मोठी नाही.

टाळा : दिसेल त्या झाडाला घोडा बांधणं. पूर्व अमेरिकेत रेड मेपल हे झाड सर्रास आहे आणि शरदात त्याचा लाल रंग पाहायला माणसं गाड्या काढून येतात. त्याची हिरवी, ताजी पानं घोड्याला फारशी बाधत नाहीत. गळून कोमेजलेली पानं मात्र विषारी. त्यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात, लघवी गडद होते, हिरड्या पिवळट-तपकिरी दिसतात आणि घोडा दगावूही शकतो. ओकची फळंही टाळा. कुंपण घालायच्या आधी वर पाहा, मग खाली पाहा.

टाळा : पहाटे दव गोठलेल्या गवतावर घोडा मोकळा चरायला सोडणं. दिवसा ऊन आणि रात्री कडक गारठा असला की गवतात साखर साठून राहते, आणि ज्या घोड्यांचे खूर नाजूक असतात त्यांना ती नडते. बरोबर आणलेलं सुकं गवत द्या. सरकारी वनजमिनीवर कॅम्प असेल तर तणमुक्त म्हणून प्रमाणित गवतच न्यावं लागतं का, हे आधी विचारून घ्या. पश्चिमेकडच्या राज्यांत हा नियम बऱ्याच ठिकाणी आहे.

लीद गोळा करून न्या. रान ज्यांचं आहे ते पुढच्या वर्षी परवानगी देतील की नाही, हे या एका गोष्टीवर ठरतं.

सुटताना आणि वाटेवर

करा : गर्दी जाऊ द्या. वेळ झाली की ‘वाट खुली’ असं जाहीर होतं. त्या क्षणीच निघालं पाहिजे असं नाही. पुढचे घोडे नजरेआड होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा. गार हवा, कळप धावतोय, आपल्या घोड्याच्या अंगात वारं शिरलेलं. अशा वेळी पहिल्या मैलात लगामाशी झटापट करून घोडा जेवढा दमतो, तेवढा पुढच्या पाच मैलांत दमत नाही.

करा : आधी चालवा. थंड स्नायू गरम व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पुठ्ठ्यावर लोकरी पांघरूण टाकून निघा, अंग तापलं की काढून खोगिराला गुंडाळा.

करा : हिशेब डोक्यात ठेवा. सहा तासांतून तासभराची विश्रांती वजा केली तर उरतात पाच. २५ मैलांना पाच तास म्हणजे ताशी पाच मैल. घोडा चालतो ताशी तीन-चार मैलांनी, साधी दुडकी सहा ते आठ. म्हणजे सपाटीला दुडकी, चढ-उतार चालत, एवढ्यात काम होतं. चौखूर उधळायची गरज संपूर्ण वाटेत कुठेही नाही. काही नवखे सहा तास फार कमी समजून घाबरतात आणि साडेतीन तासांत येऊन पोचतात, आणि मग घोड्याचा पल्स खाली येईना म्हणून तोंड पाडून उभे राहतात.

करा : उतारावर खाली उतरून चालवा. नियमात बसतं. तुमचे गुडघे मोकळे होतात, घोड्याची पाठ मोकळी होते. म्हणून बुटांचे तळवे चालण्याजोगे हवेत.

करा : दुडकीत आलटून-पालटून उठा. सबंध वाट एकाच पायाच्या तालावर उठबस केली तर घोडा एका अंगाने दमतो, आणि ते तपासणीत बरोबर पकडलं जातं.

टाळा : पाचोळ्यावर भरवसा. उन्हाळ्यात दिसणारे दगड, मुळं, घुशींची बिळं ऑक्टोबरात पानांखाली जातात. पाऊस पडून गेलेला असेल तर तोच पाचोळा निसरडा. तिथे चालच बरी. घोड्याचं तोंड मोकळं सोडा. कुठे पाय टाकायचा हे त्याला जास्त कळतं.

टाळा : दुसऱ्याच्या घोड्याच्या शेपटीला नाक लावून जाणं. पुढे जायचं तर आवाज द्या, विचारा, त्याने जागा दिली की चालत ओलांडा.

जमिनीतल्या गांधीलमाश्या : यांची पोळी शरदाच्या सुरुवातीला सर्वांत मोठी झालेली असतात. पहिला घोडा पोळ्यावर पाय देऊन निघून जातो आणि डंख मागच्यांना बसतात. मागच्यांना ओरडून सांगा आणि पुढे सुटा. थांबून मागे वळून पाहू नका.

पाणी

या खेळातलं निम्मं ज्ञान पाण्यात आहे. शरदात तर जास्तच.

माणसाच्या घामात पाणी जास्त आणि मीठ कमी. त्यामुळे घाम गेला की रक्त घट्ट होतं, मीठ वर चढतं आणि मेंदू तहान लागल्याची वर्दी देतो. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, कधी त्याहून खारट असतो. पाणी जातं, त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडही जातं, आणि रक्तातलं मिठाचं प्रमाण जवळपास तसंच राहतं. परिणाम असा की अंगातून कित्येक लिटर पाणी गेलेला घोडा भरल्या टाकीपाशी उभा राहून इकडेतिकडे पाहतो. त्याला तहान लागलेलीच नसते. त्यात गारवा. कोरड्या वाऱ्यात घाम उडून जातो, केस ओले दिसत नाहीत, आणि स्वार समजतो की आज घोडा घामेजलाच नाही. कडक उन्हात, मेहनतीच्या कामात घोडा तासाला दहा लिटर किंवा त्याहून जास्त घाम गाळतो. शरदात तेवढा जाणार नाही. पण जेवढा जाईल तेवढाही दिसणार नाही.

करा : आदल्या दिवसापासून ओलं खाऊ घाला. भिजवलेला बीटचा चोथा, पाणी शिंपडलेलं गवत, पातळ आंबोण. जे पाणी तो पीत नाही ते खाऊन जातं. आतडी पाण्याची पिशवीच असतात. पोट भरलेला घोडा वाटेत त्या साठ्यावर चालतो.

करा : सकाळी कोमट पाणी दाखवा. बर्फासारखं पाणी ज्याला नको असतं, तो घोडा कोमट पाणी बादलीभर पिऊन जातो.

करा : प्रत्येक ओढ्यावर, प्रत्येक टाकीवर थांबा. पिवो न पिवो, दोन मिनिटं लगाम सैल सोडून उभे राहा. बरेच नवखे घोडे पहिले दहा-पंधरा मैल पाण्याला तोंड लावत नाहीत. एकदा लावलं की मग प्रश्न मिटतो. सोबतच्यांचे घोडे पिऊन होईपर्यंत निघू नका. एक घोडा चालायला लागला की दुसरा पाणी सोडून त्याच्या मागे धावतो. हा शिष्टाचार मोडणाऱ्याला कॅम्पात कुणी काही बोलत नाही, पण विसरतही नाही.

करा : पिऊन झाल्यावर मग स्पंज. आधी पिणाऱ्याला पिऊ द्या, गढूळ करू नका. टाकीत स्पंज बुचकळू नका, कारण घामाचं पाणी मागचा घोडा पीत नाही. आणि शरदात भिजवायचं ते मान, छाती, पायांची आतली बाजू. पुठ्ठ्याच्या मोठ्या स्नायूंवर गार पाणी ओतलं की ते आखडतात. जुलैत सबंध घोडा भिजवायची सवय लागलेले स्वार ही चूक हमखास करतात.

टाळा : तापलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये हा जुना समज. पिऊ द्या, आणि मग उभं न ठेवता चालतं करा.

टाळा : न पिणाऱ्या घोड्याच्या तोंडात इलेक्ट्रोलाइटची पिचकारी. मिठाचं मिश्रण सफरचंदाच्या गरात कालवून पिचकारीने देतात, आणि पिणाऱ्या घोड्याला ते उपयोगी पडतं. न पिणाऱ्याच्या पोटात तेच मीठ उरलंसुरलं पाणी आतड्याकडे ओढून घेतं. आधी पाणी, मग मीठ. २५ मैलांच्या थंड राइडला मीठ किती द्यायचं, द्यायचं का, हे घरी सरावात ठरवा.

व्हेट-चेक

मध्ये एकदा, आणि शेवटी एकदा. कॅम्पात शिरल्याची वेळ लिहून घेतात. तिथून ३० मिनिटांत घोड्याचा पल्स ठरलेल्या आकड्याखाली, बहुधा ६० ते ६४, यायला हवा. आला की तुमची विश्रांती मोजायला सुरुवात होते. नाही आला तर राइड तिथेच संपली.

करा : शेवटचा अर्धा मैल खाली उतरून चालत या. तंग दोन भोकं सैल. तयारीचा घोडा असा आला तर पोचताच निकषात असतो, आणि धावत आलेल्यांची पाच मिनिटं वाचलेली दिसतात ती पल्स उतरण्याची वाट पाहण्यात गेलेली असतात.

काय पाहतात ते माहीत असू द्या. हिरडी दाबून सोडली की रंग दोनेक सेकंदांत परत यायला हवा. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसायला हवी. कुशीला स्टेथोस्कोप लावून आतड्यांचे आवाज ऐकतात. तिथली शांतता वाईट. मग पळवून दाखवायचं. पल्स मोजून घोडा १२५ फूट दुडकीने नेऊन परत आणतात आणि निघाल्यापासून एका मिनिटाने पल्स पुन्हा मोजतात. दुसरा आकडा पहिल्याएवढा किंवा कमी आला तर घोडा ठीक आहे. चढला तर आत काहीतरी बिनसतंय, बाहेरून कितीही छान दिसो. माझ्या मते या खेळातली सगळ्यात प्रामाणिक चाचणी हीच.

करा : हातात धरून दुडकी पळवण्याचा सराव घरी करा. सैल दोरी, सरळ रेषा, मागे न वळता. स्वार घोड्याला ओढत पळतोय आणि घोडा मान वाकडी करून लोंबकळतोय, अशा वेळी पशुवैद्याला लंगडणं आणि अडेलपणा यांत फरक करता येत नाही.

करा : पास होताच पांघरूण, गवत, आंबोण, पाणी. वारा सुटला असेल तर ट्रेलरच्या आडोशाला. घोडा खातोय का, एवढंच पाहा. अधाशासारखं खाणारा घोडा पुढच्या टप्प्याला जातो. गवतापुढे उभा राहून न खाणाऱ्या घोड्याला कार्डावर सगळे ‘ए’ मिळालेले असले तरी तुमचं मन सांगत असेल ते ऐका.

टाळा : वाद. पशुवैद्याने बाद केलं तर बाद. तुम्ही स्वतःहून थांबवलं तर तीही रीतसर नोंद आहे आणि तिला या खेळात मान आहे.

टाळा : दुखणं दाबणारं औषध. राइडमध्ये बंदी आहे, आणि घोड्यांची अचानक औषध-चाचणीही होते. राइडनंतर पाणी कमी झालेल्या घोड्याला घरच्या घरी वेदनाशामक देणंही धोक्याचं. त्याने मूत्रपिंडाला इजा होते.

लघवी कॉफीच्या रंगाची दिसली, पुठ्ठे दगडासारखे लागले, घोडा पाऊल टाकेना, तर खोगीर जागीच उतरवा आणि पशुवैद्याला तिथे बोलवा. चालवत नेऊ नका.

शेवटची रेघ आणि त्यानंतर

टाळा : शेवटच्या मैलात शर्यत. लिमिटेड डिस्टन्समध्ये तुमची वेळ रेघ ओलांडल्यावर थांबत नाही. घोड्याचा पल्स ६० वर आला की थांबते. धावत येणारा आणि चालत येणारा यांच्यात बहुतेक वेळा चालत येणाराच पुढे असतो.

करा : राइड संपली म्हणून लक्ष काढू नका. पोटशूळ पुष्कळदा नंतरच्या तासांत, संध्याकाळी उठतो. पांघरूण घाला, दर दोन-तीन तासांनी थोडं चालवा, लीद पडली का, लघवीचा रंग काय, हिरड्या ओलसर आहेत का, पाहत राहा. अंधार लवकर पडतो म्हणून डोक्याचा दिवा इथे उपयोगी.

टाळा : त्याच रात्री घरी निघणं. चालत्या ट्रेलरमध्ये घोडा पूर्ण वेळ तोल सांभाळत असतो; ती विश्रांती नव्हे. आणि पहाटे चारला उठलेला माणूस रात्री डोंगररस्त्यावर ट्रेलर ओढतोय, हे घोड्यापेक्षाही माणसाला वाईट. कॅम्पात राहा. शेवटून पहिल्या येणाऱ्याला अनेक ठिकाणी ‘कासव’ बक्षीस मिळतं, ते पाहायला तरी.

करा : झोपण्याआधी स्वतःच्या अंगावरच्या गोचिडी शोधा. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीची मोठी झालेली पिढी नेमकी शरदात फिरते. घोड्याच्या आयाळीत, शेपटीच्या बुडाशी, जांघेतही चाचपा.

घरी गेल्यावर दर दहा मैलांमागे एक दिवस पूर्ण सुट्टी, असा ढोबळ हिशेब स्वार धरतात. २५ मैलांना तीन दिवस झाले. मी आठवडा देईन.

घोडा नसेल, पण पाहायचं असेल तर

स्वयंसेवक व्हा. राइड कुठलीही असो, व्यवस्थापकाला माणसं कमीच पडतात : पल्स मोजणारे, पशुवैद्याच्या शेजारी उभं राहून कार्ड भरणारे, येणाऱ्यांची वेळ लिहिणारे, टाक्यांत पाणी भरणारे. अनुभवाची अट नाही. पल्स मोजायला तिथेच दहा मिनिटांत शिकवतात. एका दिवसात पन्नासेक घोडे हाताखालून जातात, कुठला घोडा दमलाय आणि कुठला नुसता रुसलाय हे ओळखायला डोळा शिकतो, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी आपला घोडा देऊ करण्याची शक्यताही वाढते. एईआरसीच्या वेळापत्रकात प्रत्येक राइडच्या व्यवस्थापकाचा संपर्क दिलेला असतो. ऑक्टोबरच्या राइडसाठी सप्टेंबरातच कळवा, आणि जाताना स्वतःची खुर्ची व जाड मोजे घेऊन जा.